व्हाइट हाऊसमध्ये दिलेलं पत्र: क्रेग हॉजेस प्रकरण

पार्श्वभूमी

अमेरिकेत एखाद्या मोठ्या लीगचं विजेतेपद मिळालं की संघाला व्हाइट हाऊसचं बोलावणं येतं. 1963 साली बोस्टन सेल्टिक्स या बास्केटबॉल संघाचे खेळाडू केनेडींना भेटले तेव्हा हा प्रकार नवलाचा होता. निरोप घेताना त्यांच्यातला सॅच सँडर्स राष्ट्राध्यक्षांना ‘टेक इट ईझी, बेबी’ म्हणून मोकळा झाला, तो किस्सा अजून सांगितला जातो. 1980 च्या दशकात रेगन यांच्या कारकिर्दीत या भेटी नेमाने होऊ लागल्या आणि त्यांचा साचा ठरून गेला. खेळाडूंनी सूट घालून रांगेत उभं राहायचं, राष्ट्राध्यक्षांनी दोन-चार विनोद करायचे, संघाने जर्सी द्यायची, फोटो काढायचा आणि बसमध्ये बसायचं.

या साच्यात एक अडचण आहे, ती भारतीय वाचकाच्या चटकन लक्षात येत नाही. आपल्याकडे अर्जुन पुरस्कार राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो आणि पक्षाचं राजकारण करणारे पंतप्रधान वेगळे असतात. त्यामुळे एकाचा मान राखून दुसऱ्यावर टीका करता येते. अमेरिकेत या दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. खेळाडू जातो देशाच्या प्रमुखाला भेटायला आणि फोटोत येतो एका पक्षाच्या नेत्याशेजारी.

आता मुख्य पात्राकडे. क्रेग हॉजेस हा शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाचा राखीव गार्ड. जन्म 1960 चा, शिकागोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत वाढलेला. लाँग बीच स्टेटमध्ये तो टेक्स विंटर या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळला. याच विंटरची ‘ट्रँगल’ पद्धत पुढे बुल्सने उचलली, म्हणजे संघाची खेळण्याची रीत हॉजेसला कॉलेजपासून पाठ होती. बचावात तो बेताचा होता. लांबून चेंडू टाकण्यात मात्र त्याला तोड नव्हती. लीगमधल्या निवडक ताऱ्यांच्या ऑल-स्टार सामन्याच्या वेळी होणारी तीन गुणांच्या फेकींची स्पर्धा त्याने 1990, 1991 आणि 1992 अशी ओळीने तीनदा जिंकली. 1991 च्या स्पर्धेत त्याचे सलग 19 चेंडू आत गेले होते.

जून 1991 मध्ये बुल्सने अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस लेकर्सना 4–1 असं हरवून पहिलं विजेतेपद मिळवलं. भेटीची तारीख ठरली 1 ऑक्टोबर 1991. यजमान होते जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश.

(हे प्रकरण जाहीर नोंदीतलं असल्याने नावं बदललेली नाहीत.)

पेच

त्या वर्षाचं वातावरण ध्यानात घ्यायला हवं. जानेवारी-फेब्रुवारीत आखाती युद्ध झालं आणि बुश यांची लोकप्रियता आकाशाला भिडली. 3 मार्चला लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला केलेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली आणि देशभर दाखवली गेली. त्याआधी ऑक्टोबर 1990 मध्ये बुश यांनी नागरी हक्कांच्या विधेयकावर नकाराधिकार वापरला होता. मंदीची झळ शिकागोच्या दक्षिण भागातल्या वस्त्यांना लागत होतीच.

हॉजेस अस्वस्थ होता आणि ती अस्वस्थता व्हाइट हाऊसच्या आधीपासूनची होती. अंतिम मालिकेच्या पहिल्या सामन्यावर दोन्ही संघांनी बहिष्कार घालावा, असं आपण बुल्सचा मायकेल जॉर्डन आणि लेकर्सचा मॅजिक जॉन्सन या दोघांनाही सुचवलं होतं, असं त्याने पुढे सांगितलं. दोघांनीही ते उडवून लावलं. 2 जूनला सामना ठरल्याप्रमाणे झाला.

ऑक्टोबरात त्याच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो असा. ज्याच्या धोरणांनी आपल्या लोकांचं नुकसान होतंय असं मनापासून वाटतं, त्या माणसाच्या अंगणात पाहुणा म्हणून जायचं. तिथे सत्कार घ्यायचा. मग बोलायचं की गप्प बसायचं? आणि बोलायचं तर सहकाऱ्यांचा आनंदाचा दिवस न नासवता कसं?

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: सूट घालून जायचं, हसायचं, परत यायचं. संघातल्या जवळजवळ सगळ्यांनी तेच केलं आणि त्यात काही गैर नव्हतं. प्रत्येक खेळाडूने प्रत्येक ठिकाणी भूमिका घेतलीच पाहिजे, असा आग्रह मला तरी पटत नाही.

दुसरा पर्याय न जाण्याचा. त्यालाही परंपरा होती. 1984 मध्ये सेल्टिक्सचा लॅरी बर्ड रेगन यांच्या भेटीला गेला नाही. राष्ट्राध्यक्षांना मला भेटायचं असेल तर मी कुठे असतो ते त्यांना ठाऊक आहे, अशा अर्थाचं उत्तर त्याने दिलं. आणि खुद्द या भेटीला संघातला सगळ्यात मोठा तारा, जॉर्डन, आलाच नाही. त्याने राजकीय कारण दिलं नाही, गाजावाजा केला नाही. त्या वेळी तो गोल्फ खेळत होता, हे नंतर बाहेर आलं. वर्तमानपत्रांत काही दिवस कुरबूर झाली आणि विरून गेली.

तिसरा पर्याय तिथेच बोलण्याचा: हात न मिळवणं, कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारणं. याने बातमी नक्की झाली असती. पण बातमी झाली असती ती हॉजेसच्या वागण्याची, आणि विषय बाजूला पडला असता. शिवाय रांगेतल्या बाकीच्यांच्या हयातीतल्या कदाचित एकमेव अशा फोटोवर त्याची सावली पडली असती.

चौथा पर्याय म्हणजे जायचं, शिष्टाचार पाळायचा, पण आपलं म्हणणं लेखी द्यायचं. आपल्याकडे मंत्री दौऱ्यावर आले की विश्रामगृहाबाहेर निवेदन देणाऱ्यांची रांग लागते, साहेब ते घेऊन पीएच्या हातात देतात आणि दुसऱ्या दिवशी स्थानिक अंकात फोटो छापून येतो. त्यात कुणाला उद्धटपणा दिसत नाही. हॉजेसने जे निवडलं ते साधारण याच जातीचं होतं. फरक इतकाच की अमेरिकेत सत्काराला आलेला खेळाडू निवेदन देत नसतो.

काय केलं

हॉजेस पांढरा दाशिकी घालून गेला. दाशिकी म्हणजे पश्चिम आफ्रिकी धाटणीचा सैलसर झब्बा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी 1960 च्या दशकापासून तो स्वाभिमानाची खूण म्हणून अंगावर घेतला. सूट-टायच्या रांगेत तो एकटाच वेगळा दिसत होता, आणि तसं दिसावं हाच हेतू होता. तिथल्या बास्केटबॉल कोर्टवर त्याने याच वेशात चेंडू टाकून दाखवले. हात मिळवले, नीट बोलला. आवाज चढवला नाही.

आणि बुश यांच्या नावे हाताने लिहिलेलं पत्र दिलं.

पत्राचा सूर लक्षात घेण्यासारखा आहे. त्यात शिवीगाळ नाही, राजीनाम्याची मागणी नाही. गरीब, मूळ अमेरिकी, बेघर आणि विशेषतः आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या वतीने मी लिहितोय, कारण त्यांना या वास्तूत येऊन देशाच्या नेत्याला भेटता येत नाही, अशी त्याची सुरुवात आहे. पुढे गुलामगिरीच्या इतिहासाचा उल्लेख करून कृष्णवर्णीयांच्या प्रश्नाला अग्रक्रम द्या, अशी विनंती केली आहे. म्हणजे ज्या खुर्चीशी मतभेद, त्याच खुर्चीकडे दाद मागितली होती. खुर्चीचा मान राखण्याचा याहून जुना मार्ग नाही.

माझ्या मते पहिली महत्त्वाची निर्णयाची जागा इथे आहे. पत्र आणि पोशाख या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पत्र बुश यांच्यासाठी होतं, दाशिकी कॅमेऱ्यासाठी. नुसतं पत्र दिलं असतं तर ते टपालाच्या ढिगात गेलं असतं. नुसता दाशिकी घातला असता तर लोकांनी तऱ्हेवाईक म्हणून सोडून दिलं असतं. दोन्ही एकत्र आल्यामुळे बातमी झाली, पण बातमीत पोशाख वर गेला आणि मजकूर खाली राहिला. पत्रात नेमकं काय होतं यापेक्षा हॉजेसने काय घातलं होतं हेच आजही लोकांना आधी आठवतं.

पुढे काय झालं

ताबडतोब काहीच नाही. तो 1991–92 चा पूर्ण हंगाम बुल्ससोबत होता, फेब्रुवारी 1992 मध्ये फेकींची स्पर्धाही त्याने जिंकली. संघात मात्र त्याचा वाटा आटला होता: 56 सामने, सामन्यागणिक जेमतेम दहा मिनिटं, सरासरी 4.3 गुण.

29 एप्रिल 1992 ला रॉडनी किंग प्रकरणातले पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटलं. जूनमध्ये बुल्स पुन्हा अंतिम फेरीत होते. त्या दिवसांत हॉजेसने पत्रकारांशी बोलताना जॉर्डनवर टीका केली: एवढं मोठं नाव असून तो अशा वेळी काही बोलत नाही, अंग काढून घेतोय. संघ विजेतेपदाच्या उंबऱ्यावर असताना राखीव खेळाडूने कर्णधाराबद्दल, आणि तोही जॉर्डन, असं जाहीर बोलणं व्हाइट हाऊसमधल्या पत्रापेक्षा कितीतरी स्फोटक होतं. 14 जूनला बुल्सने पोर्टलंडला हरवून दुसरं विजेतेपद घेतलं. त्यानंतर हॉजेसला संघातून मुक्त करण्यात आलं.

मुक्त होणं आश्चर्याचं नव्हतं. वय 32, बचाव कच्चा, खेळण्याची मिनिटं घटलेली. नवल पुढच्या गोष्टीचं: एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या या बास्केटबॉल लीगमधल्या, एकाही संघाने त्याला साधं चाचणीलाही बोलावलं नाही. तो इटलीत खेळायला गेला. फेब्रुवारी 1993 मध्ये गतविजेता म्हणून फेकींच्या स्पर्धेत उतरला तेव्हा त्याच्याकडे संघच नव्हता. नुसतं लीगचं बोधचिन्ह असलेली जर्सी घालून त्याने चेंडू टाकले. एनबीएत तो पुन्हा कधी खेळला नाही.

1996 मध्ये त्याने एनबीए आणि तिच्या 29 संघांवर चार कोटी डॉलरचा दावा ठोकला. आपली मतं, ‘नेशन ऑफ इस्लाम’ या कृष्णवर्णीय संघटनेचे नेते लुई फर्राखान यांच्याशी असलेला संबंध आणि श्रीमंत कृष्णवर्णीय खेळाडूंवर केलेली टीका यांमुळे सगळ्यांनी मिळून आपल्याला वाळीत टाकलं, असं त्याचं म्हणणं. त्या सुमारास बुल्सचा प्रशिक्षक फिल जॅक्सनने दिलेली प्रतिक्रिया प्रसिद्ध आहे. एखादा खेळाडू सोडला की त्याच्याबद्दल चौकशी करणारा एखादा तरी फोन येतो, हॉजेसबद्दल एकही आला नाही, हे आपल्याला विचित्र वाटलं, असं तो म्हणाला. बचाव त्याला जमत नसे हे खरं, पण तो पुष्कळांना जमत नाही, आणि तितक्या लांबून चेंडू टाकणारे थोडेच असतात, असंही त्याने जोडलं.

दावा 1998 मध्ये शिकागोच्या फेडरल कोर्टात फेटाळला गेला, तो मुदतीच्या मुद्द्यावर. दाखल करायला उशीर झाला, एवढंच कोर्टाने पाहिलं. वाळीत टाकलं होतं की नव्हतं, याचा निवाडा कधी झालाच नाही. 2005 मध्ये जॅक्सनने त्याला लेकर्सच्या प्रशिक्षकवर्गात घेतलं आणि पुढची काही वर्षं तो तिथे खेळाडूंना बास्केटमध्ये चेंडू टाकायला शिकवत होता.

पत्रामुळेच गेलं का?

हे प्रकरण सांगताना ‘राष्ट्राध्यक्षांना पत्र दिलं आणि करिअर संपलं’ असं एका दमात म्हणण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. पत्र आणि मुक्तता यांच्यामध्ये आठ-नऊ महिने आहेत, एक अख्खा हंगाम आहे, लॉस एंजेलिसची दंगल आहे आणि जॉर्डनवरची टीका आहे. फर्राखान यांच्या ज्यूंविरोधी वक्तव्यांमुळे त्यांच्या जवळपास दिसणारा कुणीही व्यवस्थापनांना नकोसा होता, हेही खरं. आणि वय कुणाला चुकलंय?

पण उलट बाजूने पाहिलं तर एक गोष्ट उरतेच. त्या वर्षी बुल्समध्ये तीन प्रकारची वागणूक दिसली: गुपचूप जाणारे, कारण न सांगता न जाणारा जॉर्डन, आणि जाऊन लेखी म्हणणं मांडणारा हॉजेस. शिष्टाचाराच्या तराजूत तोललं तर बोलावणं टाळून गोल्फ खेळणं हे जास्त अनादराचं. त्याची किंमत शून्य. पुढच्या हंगामात जॉर्डन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यजमानाच्या दारात जाऊन, हात मिळवून, आदराच्या भाषेत लिहिणारा मात्र वर्षभरात बाहेर. सभ्यतेने वागलं की किंमत कमी मोजावी लागते, असं या प्रकरणात कुठेच दिसत नाही. किंमत ठरली ती संघातल्या जागेवरून. बाराव्या क्रमांकाच्या आसपासचा खेळाडू बदलणं सोपं असतं, आणि तो बदलताना कुणाला कारण द्यावं लागत नाही.

वीस वर्षांनंतरचं एक प्रकरण शेजारी ठेवून पाहू. 23 जानेवारी 2012 ला आइस हॉकीतला बोस्टन ब्रुइन्सचा संघ ओबामांना भेटायला गेला आणि गोलरक्षक टिम थॉमस गेला नाही. थॉमस काही ऐरागैरा नव्हता. 2011 च्या अंतिम मालिकेत त्याने प्रतिस्पर्ध्यांना दोन सामन्यांत एकही गोल करू दिला नव्हता, निर्णायक सातव्या सामन्यातसुद्धा. त्या वर्षीच्या बाद फेऱ्यांमधला सर्वोत्तम खेळाडूही तोच. केंद्र सरकार हाताबाहेर गेलंय, दोन्ही पक्ष त्याला जबाबदार आहेत आणि मी स्वतंत्र नागरिक म्हणून हा निर्णय घेतला, असं छोटं निवेदन त्याने फेसबुकवर टाकलं आणि याविषयी पुढे बोलणार नाही म्हणून जाहीर केलं. त्याची मतं हॉजेसच्या अगदी दुसऱ्या टोकाची होती. म्हणून तर ही तुलना उपयोगाची. कुणाचं राजकारण आपल्याला आवडतं यावर निकाल ठरत नाही.

तिथे दोन गोष्टी नीट झाल्या. ओबामांनी भाषणात गैरहजर थॉमसचं नाव घेऊन त्याच्या खेळाचं कौतुक केलं. आणि ब्रुइन्सचे सरव्यवस्थापक पीटर चिआरेली यांनी सांगून टाकलं की थॉमसची मतं ही संघाची नाहीत, मी त्याला संघाच्या कार्यक्रमाला येण्याची सक्ती करू शकतो, पण मी त्याला निलंबित करणार नाही. थॉमसवर टीका झाली, संघाचे अध्यक्ष कॅम नीली यांनी नाराजीही नोंदवली, पण मैदानातली त्याची जागा या कारणाने गेली नाही.

2018 मध्ये हेच उलटं झालं. अमेरिकन फुटबॉलच्या फिलाडेल्फिया ईगल्सचे मोजकेच खेळाडू येणार असं दिसताच ट्रम्प यांनी आदल्या दिवशी, 4 जूनला, संघाचं आमंत्रणच मागे घेतलं. वंशभेदाच्या निषेधार्थ राष्ट्रगीताच्या वेळी गुडघे टेकण्याचा वाद त्याला जोडला गेला. वास्तविक 2017 च्या नियमित हंगामात ईगल्सच्या एकाही खेळाडूने राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकला नव्हता. सभ्यतेची जबाबदारी फक्त पाहुण्याची नसते. यजमानाचा भाग मोठा, कारण घर त्याचं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

हॉजेसच्या बाजूने बोलायचं तर भेटीच्या दिवशी त्याने जे केलं त्यात मी फारसा बदल सुचवणार नाही. पत्राच्या प्रती त्याच दिवशी दोन-तीन विश्वासू पत्रकारांना देऊन ठेवल्या असत्या तर चर्चा दाशिकीवरून मजकुरावर गेली असती. मागणीही एखादी नेमकी हवी होती. नागरी हक्कांचं नवं विधेयक तेव्हा काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत होतं आणि बुश यांनी नोव्हेंबर 1991 मध्ये त्यावर सहीही केली. पत्रात त्या एका सहीची मागणी असती तर उत्तर देणं बुश यांना भाग पडलं असतं. ‘आमच्याकडे लक्ष द्या’ या विनंतीला कुठलाही नेता हसून हो म्हणतो.

जॉर्डनवरच्या टीकेबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. राष्ट्राध्यक्षांना लेखी, खाजगीत आणि आदराने लिहिणारा हा माणूस आपल्या सहकाऱ्याबद्दल थेट वर्तमानपत्राशी बोलला, तेही अंतिम मालिका सुरू असताना. टीका चुकीची होती असं नाही. पण बुश यांच्या वाट्याला जे सौजन्य आलं ते जॉर्डनच्या वाट्याला आलं नाही, आणि संघात एकटं पडायला तेवढं पुरलं असावं. व्यवस्थापनाशी भांडताना ड्रेसिंग रूम पाठीशी लागते.

तिसरी जागा 1992 च्या हिवाळ्याची. एकाही संघाचा फोन येत नाही हे कळलं तेव्हाच खेळाडूंच्या युनियनमार्फत लेखी तक्रार आणि वकिलाचा सल्ला, दोन्ही व्हायला हवं होतं. चार वर्षं थांबल्यामुळे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मुदतीच्या खिडकीवरच अडला. भूमिका घेणाऱ्या आजच्या खेळाडूला या प्रकरणातून एकच कामाचा सल्ला काढून द्यायचा झाला तर मी कॅलेंडरचा देईन.

उरला संघ. बुल्सला हॉजेसशी सहमत व्हायची गरज नव्हती. त्याला खेळाच्या कारणासाठी सोडायचा त्यांना पूर्ण हक्कही होता. पण ज्या खेळाडूने नुकतंच राष्ट्राध्यक्षांना पत्र दिलंय त्याला सोडताना कारणं लेखी नोंदवून ठेवणं, आणि त्याआधीच ‘मतं त्याची, नोकरीशी संबंध नाही’ असं चिआरेलींसारखं एक वाक्य जाहीर बोलून ठेवणं फुकट होतं. ते झालं असतं तर खेळ की मतं, यावर 1996 मध्ये नुसत्या अंदाजांवर भांडावं लागलं नसतं; दोन्ही बाजूंच्या हाती दाखवायला एखादा कागद असता.